मीठ, कातळ आणि लेसर : हर्णेच्या दगडाचे नाव ठरवताना

हर्णे बंदरावर उभे राहून समोरचा सुवर्णदुर्ग कोणत्या दगडाचा, असे कुणालाही विचारले तर उत्तर मिळते, काळ्या दगडाचा. मागे वळून घराच्या भिंतीकडे बोट दाखवले तर उत्तर मिळते, जांभ्याचा. काळा दगड आणि जांभा, एवढ्यावर इथले रोजचे काम भागते. चिरेखाणीतला माणूस चिरा पक्का की भुसभुशीत, हे हत्याराच्या आवाजावरून ओळखतो. पाथरवटाला काळा दगड कुठे फुटेल आणि कुठे नुसता ठणकेल, हे हाताला कळते. त्यांच्या कामाला याहून जास्त नावांची गरज पडत नाही.

भूशास्त्राची गरज वेगळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत दख्खनचा कातळ तयार झाला. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. हर्णेचा काळा दगड त्यातलाच. त्याला बसाल्ट म्हणतात. पण बसाल्ट हे एकाच दगडाचे नाव नाही, ती एक जात आहे. तिच्या शेजारी ट्रॅकीबसाल्ट, बसाल्टिक अँडेसाइट, पिक्रोबसाल्ट अशा दुसऱ्या जाती आहेत, आणि त्यांतले कितीतरी दगड नुसत्या डोळ्यांना सारखेच काळे दिसतात. हा फरक जागेवरच, दगड न फोडता आणि प्रयोगशाळेत न नेता करता येईल का? गेल्या काही वर्षांत हातात धरून वापरायची लेसरची यंत्रे आली आणि हा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येऊ लागला. ते यंत्र काय करते, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याच्या उत्तराकडे कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

मी भूशास्त्राची पदवी घेतलेली नाही. नोकरी सांभाळून, ओहोटीच्या वेळा पाहून किनाऱ्यावर हिंडत आणि मिळतील ती पुस्तके व शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचत हा विषय शिकलो. त्यामुळे प्रत्येक पायरीवर मला जो प्रश्न पडला तोच वाचकालाही पडेल, असे धरून लिहितो आहे.

नाव ठरते कशावरून?

लाव्हा सावकाश थंड झाला तर खनिजांचे स्फटिक मोठे होतात आणि भिंगातून ओळखता येतात. तो लवकर थंड झाला तर दाणा इतका बारीक राहतो की भिंगही हात टेकते. मग रसायनाकडे जावे लागते. १९८६ साली ल बास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक तक्ता प्रसिद्ध केला, तो पुढे जगभर मान्य झाला. त्याच्या आडव्या अक्षावर सिलिकाचे शेकडा प्रमाण आहे, उभ्या अक्षावर सोडियम आणि पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांची बेरीज. दगडाचे हे दोन आकडे काढायचे, तक्त्यावर ठिपका द्यायचा आणि ठिपका ज्या घरात पडेल ते दगडाचे नाव. सिलिका ४५ ते ५२ टक्के आणि बेरीज पाचच्या आत असेल तर बसाल्ट. सिलिका तेवढीच राहून बेरीज पाचच्या वर गेली तर ट्रॅकीबसाल्ट. सिलिका ५२ च्या पुढे गेली तर बसाल्टिक अँडेसाइट, ५७ च्या पुढे अँडेसाइट. जमिनीच्या सातबाऱ्यासारखे हे आहे. रेघेच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरे.

या तक्त्यात सोडियमचे वजन किती आहे, हे ध्यानात ठेवावे. सिलिकाची घरे साधारण पाच-सात टक्के रुंद आहेत. सोडियमच्या बाबतीत दोन टक्क्यांचा फरकसुद्धा नाव बदलायला पुरतो.

हातात धरायचे क्ष-किरणांचे यंत्र, म्हणजे एक्सआरएफ, भूशास्त्रज्ञांकडे बरीच वर्षे आहे. लोखंड, टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम अशी जड मूलद्रव्ये ते चांगली मोजते. पण सोडियमसारख्या हलक्या मूलद्रव्यातून येणारे क्ष-किरण इतके मंद असतात की ते यंत्राच्या खिडकीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत विरतात. म्हणजे ज्या मूलद्रव्यावर तक्त्याचा उभा अक्ष उभा आहे, तेच या यंत्राला दिसत नाही. लेसरच्या यंत्राला ते उत्तम दिसते. त्याचे भूशास्त्रातले खरे आकर्षण इथे आहे.

ठिणगी आणि रेघा

या पद्धतीचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आद्याक्षरांवरून तिला लिब्स म्हणतात. यंत्रातून लेसरचा एक ठोका सुटतो. तो काही अब्जांश सेकंदच टिकतो, पण केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर एकवटलेला असतो. तेवढ्या जागेतला दगडाचा पृष्ठभाग उकळायच्याही आत वाफ होऊन जातो आणि वाफेचा प्लाझ्मा होतो. त्याचे तापमान दहा हजार अंशांच्या आसपास जाते, सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त. सुरुवातीला ही ठिणगी सरसकट पांढरी चमकते आणि त्या प्रकाशात वाचण्यासारखे काही नसते. सुमारे एक दशलक्षांश सेकंदाने ती निवू लागते, आणि मग प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश सोडतात. यंत्र नेमके तेवढे थांबून डोळा उघडते. आलेला प्रकाश विखरून त्याच्या रेघा मोजल्या जातात. सिलिकॉनची ठळक रेघ २८८ नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात; कॅल्शियमच्या ३९३ आणि ३९७ वर; सोडियमची पिवळी जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर, पोटॅशियमची तांबड्याच्या अगदी टोकाला, ७६६ आणि ७७० वर.

यातला सोडियमचा भाग घरच्या घरी पाहता येतो. जुन्या सीडीचा तुकडा आणि एका टोकाला बारीक फट पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, एवढ्यावर साधा वर्णपटदर्शक तयार होतो. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकून त्यातून पाहिले की पिवळी रेघ लखकन उमटते. मी हे उपकरण शाळेतल्या मुलांना दाखवतो. मीठ टाकण्याआधीच कुणीतरी ओरडते, ‘रेघ दिसली!’ मूल खोटे बोलत नसते. हर्णेच्या हवेतच मीठ आहे.

हेच निरीक्षण या शास्त्राच्या जन्मापासून नोंदलेले आहे. १८६० साली हायडलबर्गमध्ये किरखॉफ आणि बुन्सेन यांनी ज्योतीतल्या रेघांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत मांडली, तेव्हा सोडियमच्या रेघेने त्यांना थक्क केले. मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतके सोडियमही त्यांना दिसत होते. रेघ जवळजवळ नेहमीच हजर असते, याचे कारण त्यांनी समुद्रात शोधले. लाटांचे तुषार हवेत सुकतात आणि त्यातले मीठ वारा दूरवर नेतो. हायडलबर्ग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हर्णेच्या कातळाची कल्पना यावी.

सोडियमच्या रेघेने चकवण्याचा एक प्रसंग तर आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, असे अनेकजण वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत पिवळी रेघ दिसली, आणि ती सोडियमची असणार असे साहजिकच वाटले. पुढे २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाविना तीच रेघ पाहिली आणि ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली आहे, हे नक्की केले. ती ५८७.५ वर होती. रेघ हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम सापडायला त्यानंतर १८९५ साल उजाडले. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’शी लॉकयर यांचे नाव लोककथेने जोडले आहे; ग्रहणाच्या दिवशी ते स्वतः इंग्लंडमध्ये होते. पण त्या गोष्टीतला धडा कोकणाने घेण्यासारखाच आहे. पिवळी रेघ दिसली म्हणजे ती कोणाची, हे लगेच ठरवू नये.

चंद्रावर, मंगळावर

पहिला लेसर १९६० साली चालला आणि दोनच वर्षांत त्याने पदार्थाची वाफ करून रेघा वाचण्याचे प्रयोग सुरू झाले. यंत्र लहान आणि भरवशाचे व्हायला मात्र कित्येक दशके लागली. १९ ऑगस्ट २०१२ रोजी मंगळावर क्युरिऑसिटी गाडीने आपल्या केमकॅम यंत्रातून एका दगडावर दहा सेकंदांत तीस ठोके मारले. परग्रहावरच्या दगडावर ही पद्धत वापरण्याची ती पहिली वेळ. दगड सात मीटरपर्यंत लांब असला तरी ते यंत्र काम करते. पुढे त्याच गाडीने ‘जेक’ नावाचा एक दगड तपासला. त्यात सोडियम भरपूर होते आणि तो पृथ्वीवरच्या म्युजिअराइट या दगडाच्या जवळचा निघाला. मंगळावर असा दगड अपेक्षित नव्हता. तो निष्कर्ष टिकला, कारण लेसरखेरीज क्ष-किरणांच्या वेगळ्या यंत्रानेही तोच दगड तपासला होता.

आपल्या चांद्रयान-३ ची प्रज्ञान गाडीही असे यंत्र घेऊन गेली होती. ते बंगळूरच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत तयार झाले. यान २३ ऑगस्ट २०२३ ला उतरले आणि पाचच दिवसांनी, २८ ऑगस्टला, इस्रोने जाहीर केले की दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक नक्की सापडले आहे. अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोखंड, टायटॅनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन यांच्याही रेघा दिसल्या होत्या.

या दोन्ही मोहिमांमध्ये एक सावधगिरी समान आहे. मंगळावर दगडावर धूळ बसलेली असते, म्हणून केमकॅमचे पहिले काही ठोके धूळ उडवण्यातच जातात आणि हिशेबात धरत नाहीत. दोन्ही गाड्यांवर दुसऱ्या पद्धतीचे यंत्रही बसवलेले होते. करोडो किलोमीटरवर पाठवलेल्या यंत्राला जी शिस्त लावली, ती हर्णेला पायी जाणाऱ्याने सोडण्याचे कारण नाही.

समुद्र देतो, पाऊस नेतो

आता किनाऱ्यावर येऊ. समजा, ओहोटीला उघड्या पडलेल्या काळ्या खडकावर यंत्र टेकवले. प्रत्येक ठोका दगडाचा साधारण एक सहस्रांश मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ थर उडवतो. म्हणजे पहिल्या काही ठोक्यांत यंत्र दगड वाचतच नाही, दगडावरचे सुकलेले मीठ वाचते.

हे किती महागात पडेल, याचा ढोबळ हिशेब करता येतो. सिलिका ४९ टक्के आणि सोडियम-पोटॅशियमची बेरीज २.८, असा दख्खनमधला एक साधा बसाल्ट घ्या. तो तक्त्यात आपल्या घरात निवांत बसलेला आहे. बेरीज पाचच्या वर नेऊन त्याला ट्रॅकीबसाल्ट ठरवायला सोडियम ऑक्साइड २.२ टक्के जास्त दिसावे लागेल. मिठातले सोडियम ऑक्साइडच्या हिशेबात वजनाने सुमारे ५३ टक्के भरते. म्हणजे तपासलेल्या थरात चार टक्क्यांच्या आसपास मीठ असले की पुरे. समुद्राच्या तुषारांत वाळलेल्या कातळाच्या वरच्या पापुद्र्यात तेवढे असायला काहीच अडचण नाही. दगड तोच राहील आणि नाव बदलेल. ज्या मूलद्रव्यासाठी हे यंत्र घ्यावेसे वाटते, तेच इथे सर्वांत आधी फसवते.

गोष्ट इथे संपत नाही, कारण कोकणात पाऊसही आहे. बसाल्टमधले सोडियम मुख्यतः फेल्स्पार या खनिजात असते. पावसाचे पाणी हजारो वर्षे मुरत राहिले की फेल्स्पार कुजते आणि त्यातले सोडियम, कॅल्शियम विरघळून वाहून जाते. मॅग्नेशियम जाते, हळूहळू सिलिकाही जाते, आणि मागे लोखंड व अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात. सड्यावरचा जांभा हा या क्रियेचा शेवट आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या अशाच दगडाला लॅटेराइट हे नाव दिले. या जांभ्यावर यंत्र लावले तर आकडे येतील, पण तक्ता त्यांना लागू पडणार नाही. तो ताज्या, न कुजलेल्या ज्वालामुखीजन्य दगडासाठीच केलेला आहे. अडचण येते ती ताजा कातळ आणि जांभा यांच्या मधल्या दगडाची. त्याची सालपट तांबूस झालेली असते, पण आतून तो काळाच असतो.

म्हणजे एकाच खडकावर दोन उलट्या क्रिया चालू आहेत. समुद्र सोडियम देतो, पाऊस सोडियम नेतो. दोन्ही चुका एकमेकींना फेडून योगायोगाने बरोबर आकडाही येऊ शकतो, आणि तो सर्वांत घातक, कारण त्यावर शंका घ्यायला काही कारणच दिसत नाही.

आणखीही चकवे आहेत. ओहोटीच्या खडकावर कालवे चिकटलेली असतात. ती फोडून नेली तरी शिंपल्याचा पांढरा तळ मागे राहतो, आणि तो नुसते कॅल्शियम दाखवतो. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे राहिलेल्या पोकळ्या झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. ठोका तिथे बसला तर उत्तर झिओलाइटचे मिळेल. सह्याद्रीतल्या काही थरांत फेल्स्पारचे स्फटिक कित्येक सेंटिमीटर लांब आहेत. केसाएवढा ठिपका अशा एका स्फटिकावर पडला तर यंत्र स्फटिकाचे रसायन सांगेल, दगडाचे नाही.

मग काय करावे?

उपाय अवघड नाहीत, पण प्रत्येक वेळी न चुकता करावे लागतात. एकाच ठिपक्यावर वीस-तीस ठोके मारावेत आणि प्रत्येक ठोक्याचा आकडा वेगळा जपावा. सोडियमची रेघ ठोक्यागणिक उतरत असेल आणि सिलिकॉनची स्थिर असेल, तर आपण मिठातून खाली जात आहोत. सोडियम ठोक्यागणिक चढत असेल, तर कुजलेल्या सालीतून ताज्या गाभ्याकडे जात आहोत. दोन्ही रेघा स्थिरावल्यावरचेच ठोके धरावेत. कुजलेली साल मिलिमीटरभर जाड असेल तर कितीही ठोके मारून लेसर तिच्या तळाशी पोहोचणार नाही. तिथे नवा तुटलेला चेहराच शोधावा लागतो. रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा खाण त्यासाठी बरी. भरतीच्या रेषेच्या वरचा खडक पावसाळा संपता संपता धुतलेला असतो, मे महिन्यात तोच मिठाने माखलेला असतो. म्हणून नमुन्यावर तारखेबरोबर ऋतूही लिहावा. एका दगडावर एक ठिपका न घेता जाळे आखून पुष्कळ ठिपके घ्यावेत. आणि ज्यांचे रसायन आधीच माहीत आहे असे, शक्यतो दख्खनच्याच बसाल्टचे प्रमाण-नमुने सोबत ठेवून यंत्र रोज पडताळून घ्यावे. दगडाची घडण बदलली की तेवढ्याच सोडियमची रेघ कमीजास्त उंच येते, त्यामुळे परक्या दगडावर जुळवलेले यंत्र इथे सरळ चालेलच असे नाही. लेसर डोळ्यांना घातक असतो, तेव्हा चष्मा हवाच.

इतके करून उत्तर ‘बसाल्ट’ असेच येईल, मग खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. मुंबईजवळ मनोरी-गोराईच्या बाजूला ट्रॅकाइट आणि रायोलाइट आहेत. तिथे हे यंत्र काही मिनिटांत मोठा फरक दाखवील. हर्णेला मात्र खरा प्रश्न ‘बसाल्ट का?’ हा नसून ‘कोणता बसाल्ट?’ हा आहे.

१९८० च्या दशकात कॉक्स, हॉक्सवर्थ, बीन, हूपर आणि आपले सुब्बाराव अशा संशोधकांनी सह्याद्रीतले घाट चढून नमुने गोळा केले आणि रसायनावरून थरांची उतरंड लावली. तिची नावे वाचताना एसटीच्या पाट्या वाचल्यासारखे वाटते : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. एकमेकांवर रचले तर सुमारे तीन किलोमीटर उंचीचे हे बाड आहे. बुशेच्या लाव्हाने वर येताना भूकवचाचा बराच अंश आपल्यात मिसळून घेतला. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने निर्भेळ राहिला. डोळ्यांना दोन्ही काळेच. हा फरक बेरियम, टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणांत आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरात लपलेला आहे. समस्थानिके मोजणे हातातल्या लेसरच्या आवाक्यात नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पण बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या रेघा लिब्समध्ये ठळक येतात. कोणते दहा नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि कोणते नव्वद नाही, एवढे जरी यंत्राने जागेवर सांगितले तरी स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या अभ्यासकाला ते थोडे नाही.

सुवर्णदुर्गाच्या बाबतीत तर हा प्रश्न इतिहासाचाही आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यात सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्गही आहे. सुवर्णदुर्गाच्या तटाचा काही भाग बेटाचाच खडक तासून केलेला आहे आणि वर मोठाले घडीव चिरे रचले आहेत. ते चिरे बेटावरचेच, की किनाऱ्यावरच्या एखाद्या खाणीतून पडावांनी आणलेले? तटावर हातोडा मारून हे शोधणे कुणालाही मान्य होणार नाही, होऊही नये. लेसरचा खड्डा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण तोही खड्डाच आहे, आणि परवानगीशिवाय तोही करू नये. परवानगी मिळालीच तर तटाच्या दगडावर तीन शतके बसलेले मीठ आणि सांध्यातून ओघळलेला चुना यांचा हिशेब आधी मांडावा लागेल. तो न मांडता कुणी ‘हा दगड इथला नव्हे’ असे जाहीर केले, तर एक खोटी कथा किल्ल्याला कायमची चिकटेल. साहेबाच्या ओट्यांचे काय झाले, ते वर आलेच आहे.

म्हणून यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या नावाला मी नाव म्हणत नाही. तो एक जबाब आहे. जबाबाखाली जागा, वेळ आणि परिस्थिती लिहिलेली असावी लागते. खडक भरतीच्या रेषेखाली होता की वर, पावसाळा होऊन किती दिवस झाले होते, चेहरा ताजा होता की जुना, किती ठोके मारले आणि त्यातले किती टाकून दिले. या नोंदी करायला पदवी लागत नाही. हर्णे, पाजपंढरी, आंजर्ले इथल्या माणसांना भरती, वारा आणि खारवट हवा पंचांगाइतकी पाठ असते. उद्या एखादे महाविद्यालय किंवा संस्था हे यंत्र घेऊन या किनाऱ्यावर आली, तर तिने यापैकी एखाद्याला वही घेऊन सोबत घ्यावे. सोडियमचा आकडा यंत्र देईल. त्यातले दगडाचे किती आणि समुद्राचे किती, हे सांगायला ती वही लागेल.